जुन्या गाडीचा फ्युएल पंप चालत नाही? नवा घेण्याआधी करंटचा माग काढा

सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी चालू होत नाही. गावात अशी गाडी उभी राहिली की भोवती जमलेल्यांपैकी एक जण सांगतोच, "पंप गेला भाऊ, नवा टाका." पुष्कळदा पंप चांगला असतो, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसतो. इकडे यवतमाळच्या आतल्या तालुक्यांत जुन्या गाडीचा पंप दुकानात तयार मिळत नाही. अमरावती नाहीतर नागपूरहून मागवावा लागतो. आणि दुकानदार बिलावरच लिहून देतो की इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही. रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, शे-दोनशेत येतो, पंपाचा आकडा हजारांत जातो. म्हणून पंपावर संशय घ्यायचा तो शेवटी.

हा लेख ज्याने आजवर फक्त टायर बदलला आहे त्याच्यासाठी आहे. मी मिस्त्री नाही. पण जुनी गाडी खेड्यात बाळगायची तर एवढे स्वतःला आलेच पाहिजे, कारण मिस्त्री तालुक्याला असतो आणि पोळ्याच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत तो फोनही उचलत नाही.

आधी तुमची गाडी कोणती ते पाहा

पुढचे सगळे पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या, म्हणजे एमपीएफआय गाड्यांसाठी आहे. त्यांचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. विहिरीतल्या सबमर्सिबल मोटरसारखाच तो: ज्यात बुडालेला असतो त्यानेच थंड राहतो आणि कोरडा चालला की जळतो.

मारुती ८०० ही १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे निघाली, त्यामुळे नुसते "आठशे आहे" म्हणून भागत नाही. कार्बोरेटरवाल्या जुन्या आठशेत पंप इंजिनला बाहेरून लावलेला, यांत्रिक असतो. त्याला ना रिले ना फ्यूज. त्याचा पडदा फाटतो किंवा आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते. अशी गाडी सावलीत उभी करून पंपावर ओली चिंधी ठेवली आणि थोड्या वेळाने ती चालू झाली, तर वाफच होती असे समजा.

डिझेल गाडीचा हिशोब वेगळा असतो. लाइनमध्ये हवा शिरली की हँडप्रायमरने ती काढायची असते. त्यात इथे शिरत नाही.

काय काय लागेल

- आरसी. सुटा भाग घेताना दुकानदार गाडी कोणत्या महिन्यातली, कोणत्या वर्षातली हे विचारतो, चेसिस नंबरही मागतो. एकाच नावाच्या दोन वर्षांच्या गाड्यांचे पंप वेगळे असू शकतात.
- विम्याचा कागद. काही पॉलिसींमध्ये रस्त्यावरची मदत आणि टोचन धरलेले असते, आणि आपण तो कागद कधी वाचलेला नसतो. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा नंबर आहे.
- टेस्टलॅम्प. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन करून देतो.
- साधा मल्टीमीटर.
- पेचकस, पकड, १० आणि १२ चा पाना, बारीक सँडपेपर.
- १५ आणि २० अँपिअरचे जादा फ्यूज. १५ चा निळा असतो, २० चा पिवळा.
- किल्ली फिरवायला एक शांत माणूस. बडबड्या नको, कारण पुढच्या पायरीत कान लावायचा आहे.

मल्टीमीटर असताना बल्ब कशाला, असा प्रश्न पडेल. वायर आतून कुजून तिचा एकच धागा उरला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. बल्ब ओढतो. अशा वायरीवर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. पंपासाठी बल्बच खरा साक्षीदार. फक्त हा बल्ब ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या बारीक वायरींना लावू नका. तिथे तो नुकसान करतो.

१. दोन सेकंदांचा आवाज ऐका

गाडी शांत जागी घ्या, पंखा आणि रेडिओ बंद. मागची सीट उचलून तिथे कान लावा, नाहीतर टाकीचे झाकण उघडून भरणीच्या तोंडाशी. सोबत्याला किल्ली "ऑन"वर करायला सांगा, सेल्फ मारायचा नाही. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेकंद "घुंऽऽ" असा आवाज येतो आणि थांबतो. ते थांबणे बिघाड नव्हे. इंजिन फिरताना दिसले नाही तर ईसीएम मुद्दामच पंप बंद करतो, म्हणजे अपघातात लाइन फुटली तर पेट्रोल उडत राहू नये.

आवाज आला तर पंप, फ्यूज, रिले आणि वायर या सगळ्यांना सध्या तरी जीव आहे. मग थेट सातव्या पायरीवर जा. आवाज आला नाही तर पुढे चला.

आणि हो, ढकलून चालू करायचा नाद सोडा. पंपच फिरत नसेल तर गाडी पाटणबोरीपर्यंत ढकलली तरी इंजिनात पेट्रोल जाणार नाही.

२. बॅटरी आणि डॅशबोर्डवरचे दिवे

सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली, हे नेहमी खरे नसते. उभ्या गाडीत मीटरवर १२.६ च्या आसपास हवे. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्याने धुऊन सँडपेपर मारा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची जाड पट्टीही पाहून घ्या.

मग डॅशबोर्ड पाहा. किल्ली ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. तो अजिबात लागत नसेल तर ईसीएमलाच सप्लाय नाही. अशा वेळी पंपाकडे न जाता मेन रिले आणि मेन फ्यूज शोधा. किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली असेल तर लावून पाहा. डुप्लिकेट किल्ली बाजारात करून घेतली असेल तर तिच्यात चिप आहे का, तेही विचारा.

फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल तोडणारा एक स्विच असतो. वावरातल्या धुऱ्यावरून गाडी आपटली तरी तो उडू शकतो. त्याचे वरचे बटण दाबले की काम झाले. तो कुठे बसवला आहे ते गाडीच्या पुस्तकात असते. दाबण्याआधी गाडीखाली पेट्रोल गळत नाही ना, ते वाकून पाहा.

३. फ्यूज

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. काही गाड्यांत दोन बॉक्स असतात, एक बोनेटखाली, एक स्टिअरिंगच्या खाली. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी पाहू नका. बारीक तडा दिसत नाही. फ्यूज जागेवर ठेवा, किल्ली ऑन करा, टेस्टलॅम्पचा एक चिमटा बॉडीला लावा आणि दुसऱ्या टोकाने फ्यूजच्या दोन्ही बाजू तपासा. एकीकडे पेटतो आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज गेला.

नवा टाकला आणि तोही उडाला, तर पुढे वायर बॉडीला लागते आहे किंवा पंप आतून जाम होऊन जास्त करंट ओढतो आहे. इथे आपल्याकडचा सगळ्यात घातक जुगाड होतो: सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी, तांब्याची तार, किंवा "थोडा मोठा टाकून पाहू" म्हणून ३० चा हिरवा फ्यूज. १५ चा असेल तिथे १५ चाच. नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीपर्यंत गेलेली असते.

४. रिले

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा हाच दोषी निघाला. त्यातही उन्हाळ्यात. ४५-४६ अंशांच्या दुपारी बोनेटखाली तो भाजत असतो. आत टाका तडकलेला असला की तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर जुळतो. लक्षण अगदी ठरलेले: दुपारी बाजारात गाडी बंद, संध्याकाळी काही न करता चालू. त्यावर लोक पेट्रोलला दोष देतात.

तपासायची सोपी रीत म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले तसाच असेल, पाय तेवढेच आणि अंगावरचा नंबर तोच, तर तो पंपाच्या जागी लावा. पंप बोलला तर शोध संपला. किल्ली ऑन करताना रिलेवर बोट ठेवले तर "टक्" जाणवते. टक् होणे म्हणजे त्याला हुकूम मिळतो आहे. आतले संपर्क जळालेले असले तरी टक् होतेच, म्हणून नुसत्या टक् वर विसंबू नका.

ज्याला थोडा सराव आहे त्याच्यासाठी पुढची चाचणी. रिले काढा. सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या दोन छिद्रांना १५ चा फ्यूज मधे असलेल्या वायरीने जोडा. पंप फिरायला लागला तर पंप, त्याची वायर आणि अर्थ तिन्ही ठीक, दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. जपानी पद्धतीच्या बऱ्याच रिलेंवर ३० आणि ८७ असे आकडे नसतात, रिलेच्या अंगावरचे छोटे चित्र वाचून संपर्काचे पाय ओळखावे लागतात. ओळखता आले नाहीत तर ही चाचणी सोडून द्या. चुकीच्या छिद्रात बारा व्होल्ट गेले तर ईसीएम जाऊ शकतो, आणि त्यापुढे पंपाचा खर्च काहीच नाही.

५. मधली वायर: उंदीर, गॅस किट आणि सेंट्रल लॉक

कारखान्यातून आलेली वायर सहसा आपणहून तुटत नाही. कोणीतरी तिला हात लावलेला असतो, किंवा दात.

कापूस घरात आला की गाडी कोठ्याजवळ नाहीतर गोदामाच्या आडोशाला लागते. सरकीमागे उंदीर येतात आणि गाडीच्या उबेला राहतात. सीटखाली, कार्पेटखाली, टाकीच्या वरच्या बाजूला कापसाचे बोळे, सोयाबीनची टरफले, लेंड्या दिसल्या तर वायरीवरून बोट फिरवत जा. कुरतडलेली जागा हाताला लागते. तिथे नुसती पिळून चिकटपट्टी मारू नका. सोल्डर करून नळी चढवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिथेच हिरवा गंज धरतो.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर गॅस किटकडे नीट लक्ष द्या. गाडी गॅसवर असताना पेट्रोल पंप थांबावा म्हणून काही फिटर पंपाची वायर कापून मधे त्यांचा स्वतःचा रिले टाकतात. पुढे किट काढून विकले जाते, पण तो जोड डॅशबोर्डखाली काळ्या पट्टीत गुंडाळलेला राहतो. मूळ फ्यूज आणि मूळ रिले दोन्ही चांगले आणि तरी पंपाला करंट नाही, तर हा जोड शोधा. किट अजून असेल तर आधी बदलीचा स्विच पेट्रोलवर आहे का, ते पाहा. हसू नका, असे होते. बाहेरून बसवलेल्या चोर-अलार्मचे आणि सेंट्रल लॉकचेही हेच. काही अलार्म पंपाची लाइन तोडतात.

६. टाकीजवळची तपासणी

इथून पुढे पेट्रोलच्या वाफेजवळ काम आहे. गाडी उघड्यावर, बिडी-सिगारेटवाला लांब, चूल आणि वेल्डिंग त्याहून लांब. काचेचा लटकता बल्ब घेऊन सीटखाली शिरू नका.

काही गाड्यांत मागच्या सीटखाली पत्र्याचे किंवा रबराचे झाकण असते. ते उघडले की पंपाचे सॉकेट दिसते. काहींत असे झाकण नसते आणि टाकी उतरवावी लागते. ते काम रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजचेच, जॅकवर करू नका.

सॉकेट काढा. त्यातल्या दोन जाड वायरी पंपाच्या, बारीक वायरी पेट्रोलच्या काट्याच्या. टेस्टलॅम्प दोन जाड वायरींना लावा आणि सोबत्याला किल्ली ऑन करायला सांगा.

बल्ब दोन सेकंद लख्ख पेटला: करंट आणि अर्थ दोन्ही येत आहेत. आता पंपावर संशय घ्यायला हरकत नाही.

पेटला नाही: अर्थकडचा चिमटा काढून बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला लावा आणि पुन्हा किल्ली. आता पेटला तर अर्थची वायर गेली आहे. ती बॉडीला जिथे नटाने आवळलेली असते ती जागा शोधा, गंज खरवडा, पुन्हा घट्ट करा. चिखलातून आणि नाल्यातून चालणाऱ्या गाड्यांत ही जागा हमखास गंजते, आणि दुरुस्ती फुकटात होते. तरीही पेटला नाही तर मागे पाचव्या पायरीवर जा.

सॉकेटची पिनही नीट पाहा. प्लास्टिक तपकिरी झालेले किंवा वितळलेले असेल तर तिथे संपर्क ढिला आहे. असे सॉकेट तसेच ठेवून नवा पंप टाकला तर काही दिवसांनी तुम्ही पुन्हा इथेच याल.

पंपाच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये मीटरने रोध मोजा. चांगल्या पंपाचा रोध अगदी कमी, दोन-चार ओहमच्या आत येतो. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे आत तुटलेले असेल, तर मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन झिजून संपले किंवा आतली वायर सुटली.

रस्त्यात अडकलात तर एक जुनी युक्ती आहे. सोबत्याने सेल्फ मारायचा आणि तुम्ही खालून टाकीला लाकडी दांड्याने किंवा रबरी हातोडीने हलकेच ठोकायचे. झिजलेले कार्बन जागेवर बसून पंप फिरू लागतो. गाडी चालू झाली तर इंजिन बंद न करता घर गाठा आणि पंप बदला. "चालते ना, मग राहू द्या" म्हणणारे पुढच्या वेळी घाटात उभे असतात.

आणखी एक: काढलेला पंप उघड्यावर बॅटरीला लावून फिरवून पाहू नका. त्याच्या कार्बनवर ठिणगी पडते आणि पंप पेट्रोलने ओला असतो.

७. पंप बोलतो, तरी गाडी उठत नाही

किल्ली ऑन केल्यावर पंप बोलतो, पण सेल्फ मारताना गप्प राहतो, असे असेल तर क्रँक किंवा कॅम सेन्सरकडून ईसीएमला इंजिन फिरल्याची खबर मिळत नाही. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत सेल्फ मारताना तो जराही हलत नाही, ही त्याची खूण. हा सेन्सरही तापला की रुसतो आणि थंड झाल्यावर चालतो, म्हणून रिलेशी त्याची गल्लत होते.

पंप सेल्फवेळीही चालत असेल तर एक स्पार्क प्लग काढून वास घ्या. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, प्लगची ठिणगी पाहा. कोरडा असेल तर फिल्टर, पंपाची जाळी किंवा दाब. दाब गेजनेच कळतो. बहुतेक गाड्यांत तो अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान हवा. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून थोडा सेल्फ मारा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. नाहीतर पेट्रोल थेट डोळ्यांत येते.

महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचाही विचार करा. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पंपाची जाळीही तळाशीच असते. काचेच्या बरणीत थोडे पेट्रोल काढून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल.

८. पंप बदलायचाच ठरला तर

टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असताना काम करा आणि बॅटरीची मायनस वायर काढा. झाकणाभोवतीची माती, टरफले ब्रशने आणि हवेने साफ केल्याशिवाय पंप आवळून धरणारी रिंग फिरवू नका. सगळी घाण सरळ टाकीत पडते, आणि नव्या पंपाची जाळी पहिल्याच दिवशी भरते. रिंगवर लोखंडी छिन्नी मारू नका, लाकडी ठोकळा लावा.

नुसती मोटर घेता येते किंवा पूर्ण असेंब्ली, म्हणजे मोटर आणि तिचा सांगाडा एकत्र. जुनी असेंब्ली धडधाकट असेल तर मोटर पुरते, पण आतला रबरी पाइप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच घ्या. बाहेरच्या लाइनचा साधा पाइप आत टाकला की तो फुगून सुटतो. झाकणाची रबरी रिंग नवीच टाका. जाळीही नवी. काट्याची तार वाकणार नाही याकडे लक्ष द्या, नाहीतर टाकी कायम अर्धी दिसेल.

बसवल्यावर लगेच सेल्फ मारत बसू नका. किल्ली ऑन करा, आवाज थांबला की ऑफ, असे चार-पाच वेळा. लाइन भरली की मग सेल्फ. इंजिन चालू असताना जोडांवर कोरडी चिंधी फिरवून गळती पाहा, आणि मगच सीट बसवा.

यापुढे टाकी पावाच्या खाली नेऊ नका. गॅसवर गाडी चालवणाऱ्यांनी तर हे पाळाच. ते टाकीत दोन लिटर ठेवून वर्षभर फिरतात, आणि पंप चालू ठेवणारे किट असेल तर तो तळाशी तापत राहतो.

मिस्त्रीला बोलवायचेच असेल तर

फोनवर "गाडी बंद आहे" एवढेच सांगितले तर तो रिकाम्या हाताने येतो आणि पाहून परत जातो. त्याला हे सांगा: मॉडेल आणि वर्ष, किल्ली ऑनला पंप बोलतो की नाही, इंजिनचा दिवा लागतो की नाही, फ्यूज आणि रिले पाहिले का, पंपाच्या सॉकेटवर बल्ब पेटला का, गॅस किट आहे किंवा पूर्वी होते का. मग तो येतानाच रिले किंवा सेन्सर सोबत घेऊन येईल.

ट्रॅक्टरने ओढून न्यायची वेळ आली तर दोर गाडीच्या हुकालाच बांधा, चाकाच्या आर्मला नाही. किल्ली ऑनवर ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेवा, दुसऱ्या गिअरच्या वर जायचे नाही.